आरोग्यविषयक जनजागृती दिन आणि ग्रामीण वास्तव : येडशी परिसर व धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शासकीय कार्यालये, शाळा, महाविद्यालये आणि आरोग्य केंद्रे यांच्या वार्षिक नियोजनात आरोग्यविषयक दिनांना आज निश्चित स्थान प्राप्त झाले आहे. ३० जानेवारीचा कुष्ठरोग निवारण दिन, ४ फेब्रुवारीचा जागतिक कर्करोग दिन, २४ मार्चचा जागतिक क्षयरोग दिन, ७ एप्रिलचा जागतिक आरोग्य दिन, ३१ मेचा तंबाखूविरोधी दिन, २१ जूनचा योग दिन, १० ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिन, १४ नोव्हेंबरचा मधुमेह दिन आणि १ डिसेंबरचा एड्स दिन अशी ही मालिका वर्षभर चालते. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या वतीने प्रभातफेरी निघते, भित्तिपत्रकांचे प्रदर्शन भरते, वैद्यकीय अधिकाऱ्यांचे व्याख्यान होते आणि अहवाल पाठविला जातो. या उपक्रमांमागील हेतू निर्विवादपणे चांगला आहे. परंतु अशा दिनांमुळे लोकांच्या आरोग्यात नेमका कोणता बदल घडतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी इतिहासाचा आधार घेता येतो. विशेष म्हणजे हे उत्तर देऊ शकणारा एक महत्त्वाचा पुरावा धाराशिव जिल्ह्यातच, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, निर्माण झाला आहे. १९९९ पासून येथील १,३१,७४६ स्त्रियांच्या सहभागाने झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अभ्यासाने जगाच्या आरोग्य धोरणावर प्रभाव टाकला. जिल्ह्याबाहेर वैद्यकीय विश्वात या अभ्यासाचे नाव परिचित आहे. जिल्ह्यातील सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांनी मात्र त्याची पुरेशी दखल घेतलेली दिसत नाही. प्रस्तुत लेखात येडशी परिसराचे भौगोलिक व सांस्कृतिक स्थान लक्षात घेऊन आरोग्य दिनांच्या इतिहासाची आणि मर्यादांची चर्चा केली आहे.

उद्दिष्टे

१) आरोग्य दिनांच्या प्रथेपूर्वी या परिसरात असलेल्या आरोग्यविषयक कालगणनेचा परामर्श घेणे.
२) जागतिक व राष्ट्रीय आरोग्य दिनांच्या उदयाची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
३) बार्शी येथील कर्करोग नोंदणी व उस्मानाबाद जिल्ह्यातील तपासणी अभ्यास यांच्या आधारे जनजागृतीचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासणे.
४) आरोग्य दिनांची दिनदर्शिका आणि ग्रामीण जीवनाचे वार्षिक चक्र यांतील विसंगती निदर्शनास आणणे.

येडशी : स्थान व पार्श्वभूमी

बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले येडशी हे धाराशिव तालुक्यातील गाव सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. गावाजवळील रामलिंग हे तीर्थस्थान प्रसिद्ध आहे. सीताहरणाच्या वेळी जखमी झालेल्या जटायूची व श्रीरामाची भेट येथे झाली, अशी लोकश्रद्धा आहे. श्रावण महिन्यातील सोमवारी येथे भाविकांची मोठी गर्दी होते. मंदिराभोवतीच्या वनक्षेत्राला १९९७ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर आहे.

इतिहासाच्या दृष्टीने येडशीचे सीमावर्ती स्थान महत्त्वाचे ठरते. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पश्चिमेकडील बार्शी मात्र ब्रिटिश अमलाखालील सोलापूर जिल्ह्यात होती. या दोन राजवटींना जोडणारा दुवा म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली ही अडीच फुटी अरुंद मार्गाची रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी या टप्प्यात सुरू झाली. १९०६ मध्ये तिचा फाटा पंढरपूरला पोहोचला आणि १९११ पर्यंत मार्ग येडशीवरून लातूरला गेला. २००७-०८ मध्ये रुंदीकरण होऊन नवा मार्ग जिल्ह्याच्या मुख्यालयातून जाईपर्यंत या शहराला रेल्वेसाठी येडशी स्थानकाचाच आधार होता. तात्पर्य, यात्रेकरू, व्यापारी, मजूर आणि रुग्ण या सर्वांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर हे गाव राहिले आहे. उपचारासाठी बार्शीकडे पाहण्याची या भागाची सवयही याच वाटेने रुजली.

दिनविशेषांपूर्वीचे आरोग्याचे पंचांग

आरोग्यासाठी वर्षातील काही दिवस राखून ठेवण्याची कल्पना ग्रामीण समाजाला नवी नव्हती. श्रावणातील शीतला सप्तमीला चूल न पेटविता आदल्या दिवशीचे थंड अन्न ग्रहण करण्याची प्रथा देवीच्या रोगाशी निगडित होती. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेला जाई. प्लेगच्या काळात लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत. या प्रथांमागे रोगजंतूंचे ज्ञान नव्हते, हे खरे. तथापि रोग ऋतूनुसार येतो, तो एका गावातून दुसऱ्या गावात जातो आणि त्याला सामूहिकपणे सामोरे जावे लागते, ही जाणीव त्यांत निश्चितच होती.

एकोणिसाव्या शतकात शासनानेही यात्रांच्या तिथींकडे साथींच्या दृष्टीने पाहण्यास आरंभ केला. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत पटकीच्या प्रसाराला यात्रा व मेळे कारणीभूत होतात, असे मत मांडले गेले. त्यानंतर पंढरपूरसारख्या तीर्थक्षेत्री पाणी, स्वच्छता आणि गर्दीचे नियमन हे विषय प्रशासनाच्या कामाचा भाग बनले. आषाढी व कार्तिकी या वारकऱ्यांसाठी भक्तीच्या तिथी होत्या. आरोग्य अधिकाऱ्यांसाठी त्या दक्षतेच्या तिथी ठरल्या.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. याच वर्षी बार्शी लाईट रेल्वे धावू लागली, हा योगायोग बोलका आहे. ज्या साधनाने माणसे जोडली गेली, त्याच साधनावर रोगाचा संशय घेतला गेला आणि रेल्वे स्थानके ही प्रवाशांच्या तपासणीची ठिकाणे बनली. त्या काळातील आरोग्य प्रशासनाचा भर सक्तीवर होता. घराची झडती, रुग्णाचे विलगीकरण आणि प्रवासावरील निर्बंध यांमुळे लोकांच्या मनात दवाखान्याविषयी भीती निर्माण झाली. पुढे सक्तीऐवजी संमती आणि हुकुमाऐवजी माहिती हे तत्त्व आरोग्य क्षेत्राने स्वीकारले, त्याला या अनुभवाचीही पार्श्वभूमी होती. जनजागृती ही कल्पना लोकशाही काळाची आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

आरोग्य दिनांचा उदय

दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली आणि १९५० पासून हा दिवस जागतिक आरोग्य दिन म्हणून पाळला जाऊ लागला. पुढील काळात दिनांची संख्या वाढत गेली. त्यांच्या निवडीमागे साधारणतः तीन प्रेरणा दिसतात.

पहिली प्रेरणा वैज्ञानिक शोधाच्या स्मरणाची आहे. रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. तो दिवस क्षयरोग दिन झाला. इन्सुलिनच्या संशोधकांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा मधुमेह दिन म्हणून निवडला गेला. दुसरी प्रेरणा सेवाभावी व्यक्तींच्या स्मरणाची आहे. महात्मा गांधींनी कुष्ठरुग्णांच्या सेवेला दिलेले महत्त्व लक्षात घेऊन भारतात त्यांच्या पुण्यतिथीस कुष्ठरोग निवारण दिन पाळला जातो. कस्तुरबा गांधी यांच्या जयंतीदिनी, ११ एप्रिलला, सुरक्षित मातृत्व दिन असतो. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ १ जुलै हा डॉक्टर दिन मानला जातो. तिसरी प्रेरणा धोरणात्मक घोषणेची आहे. १९८८ पासूनचा एड्स दिन, पॅरिस येथे ४ फेब्रुवारी २००० रोजी संमत झालेल्या सनदेतून आलेला कर्करोग दिन आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार २०१५ पासून साजरा होणारा योग दिन ही त्याची उदाहरणे होत.

या तिन्ही प्रेरणांत एक समान गोष्ट आहे. दिवसाची निवड बर्लिन, पॅरिस, जिनिव्हा, न्यूयॉर्क किंवा दिल्ली येथील घटनेवरून झाली आहे. ज्या समाजात तो दिवस पाळला जाणार, त्या समाजाच्या जीवनक्रमाचा विचार या निवडीत झालेला नाही. साथरोग कायदा आणि कर्करोगाची सनद या दोन्ही गोष्टी ४ फेब्रुवारीच्याच आहेत. एका घटनेने सक्तीचे पर्व सुरू केले, तर दुसरीने जाणिवेचे. दोन्ही निर्णय मात्र गावापासून दूरच झाले.

कृती देणारे दिवस : पोलिओ व नारू

सर्व आरोग्य दिनांचे मूल्यमापन एकाच मापाने करणे योग्य होणार नाही. ज्या दिवशी लोकांना प्रत्यक्ष काही दिले गेले, त्या दिवसांनी इतिहास घडविला आहे. ९ डिसेंबर १९९५ रोजी देशव्यापी पल्स पोलिओ मोहिमेचा पहिला दिवस पार पडला. त्या दिवशी बालकाच्या तोंडात दोन थेंब पडत, बोटावर शाईची खूण होई आणि न आलेल्या बालकांच्या शोधात कर्मचारी घरोघर फिरत. वर्षानुवर्षे या फेऱ्यांची पुनरावृत्ती झाली. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त प्रमाणित झाला.

नारू निर्मूलनाची कथा यापेक्षा वेगळी, पण तितकीच उद्बोधक आहे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याच्या पद्धतीमुळे पसरणाऱ्या या रोगाने ग्रस्त असलेल्या सात राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. १९८० च्या दशकात राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. नारूसाठी लस नव्हती आणि प्रभावी औषधही नव्हते. पाणी गाळून पिणे, रुग्णाला विहिरीत उतरू न देणे, बारवांचे रूपांतर करणे व हातपंप बसविणे या उपायांनी देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त झाला. हे यश बव्हंशी लोकशिक्षणाचेच होते. मात्र त्या शिक्षणाबरोबर गाळण्याचे फडके आणि हातपंप या वस्तूही लोकांच्या हाती आल्या होत्या.

बार्शीची कर्करोग नोंदणी : जनजागृतीचे सामर्थ्य

साथीच्या रोगांकडून दीर्घकालीन रोगांकडे वळताना जनजागृतीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. या संदर्भात बार्शी येथील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांचे कार्य मोलाचे आहे. १९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील परांडा व भूम अशा तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती.

शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. ग्रामीण भागातील अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसल्याने येथे ही पद्धत उपयोगी नव्हती. म्हणून क्षेत्रीय कार्यकर्ते ठरावीक काळाने प्रत्येक गावी जात, लोकांशी बोलत, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित व्यक्तींना तपासणीसाठी बार्शीस येण्यास प्रवृत्त करीत. नोंदणीसाठी केलेले हे फिरणे हेच लोकशिक्षणाचे माध्यम ठरले. या भागातील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक प्रमाणात आढळला. पांढरे जाणे, अनियमित रक्तस्राव यांसारखी लक्षणे स्त्रिया संकोचाने लपवीत आणि दुखणे अंगावर काढीत. रोगाचे निदान होई तेव्हा बहुधा उशीर झालेला असे.

डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक आशादायक निष्कर्ष मांडला. लक्षणांविषयी जाणीव वाढल्यानंतर प्राथमिक अवस्थेत निदान होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढले. त्या वेळी या भागात सर्व स्त्रियांची संघटित तपासणी होत नव्हती. केवळ माहिती, गावभेट आणि विश्वास यांच्या बळावर हा बदल झाला. म्हणजेच जनजागृती निष्फळ असते, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ही जनजागृती एका दिवसाची नव्हती, तर वर्षानुवर्षे त्याच गावांत परत परत जाणाऱ्या माणसांची होती, एवढे मात्र नमूद केले पाहिजे.

उस्मानाबाद जिल्ह्यातील तपासणी अभ्यास : जनजागृतीची मर्यादा

या पायावर १९९९ मध्ये मोठा अभ्यास उभा राहिला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो संयुक्तपणे केला. बिल व मेलिंडा गेट्स फाउंडेशनचे अर्थसाहाय्य त्यास लाभले. उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांचे ५२ समूह करण्यात आले आणि ३० ते ५९ या वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश झाला. समूहांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने चार गटांत झाली. पहिल्या गटातील ३४,१२६ स्त्रियांना एचपीव्ही विषाणूची चाचणी देऊ करण्यात आली, दुसऱ्या गटातील ३२,०५८ स्त्रियांना पेशींची तपासणी आणि तिसऱ्या गटातील ३४,०७४ स्त्रियांना ॲसेटिक आम्लाचे सौम्य द्रावण लावून उघड्या डोळ्यांनी करावयाची तपासणी. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना प्रचलित आरोग्य सेवाच उपलब्ध होती. त्यांना रोगाची व प्रतिबंधाची माहिती देण्यात आली; परंतु अभ्यासातर्फे त्यांची तपासणी झाली नाही.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, एप्रिल २००९ मध्ये, डॉ. आर. शंकरनारायणन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे १२७ रुग्ण आढळले, तर तपासणी न झालेल्या गटात ११८. वरवर पाहता तपासणीने काहीच साधले नाही, असे वाटू शकते. परंतु रोगाच्या अवस्थेचा विचार केला असता चित्र पालटते. एचपीव्ही गटातील १२७ पैकी ३९ रुग्ण दुसऱ्या किंवा त्यापुढील अवस्थेत होते. दुसरीकडे ११८ पैकी ८२ जणींचा रोग त्या अवस्थेला पोहोचला होता. मृत्यूंची संख्या अनुक्रमे ३४ आणि ६४ होती. एका चाचणीने या रोगामुळे होणाऱ्या मृत्यूचा धोका जवळपास निम्म्याने घटला. पेशी तपासणी व उघड्या डोळ्यांनी केलेली तपासणी या दोन गटांत मात्र मृत्युदरातील घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय ठरली नाही.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने चौथा गट सर्वांत महत्त्वाचा आहे. जनजागृतीला तपासणीची जोड नसेल तर काय होते, याचे उत्तर त्या गटाने दिले. बार्शी नोंदणीचा अनुभव आणि हा निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. लक्षणे जाणवू लागलेल्या स्त्रीला जनजागृती लवकर दवाखान्यात आणते. परंतु या कर्करोगाची पूर्वावस्था अनेक वर्षे कोणत्याही लक्षणाविना वाढत असते. जिला काहीच त्रास नाही, तिला भित्तिपत्रक वाचून स्वतःचा आजार ओळखता येणे शक्य नाही. तेथे चाचणीच लागते.

पुनरावृत्तीचे महत्त्व मुंबईतील दुसऱ्या अभ्यासातून स्पष्ट होते. डॉ. सुरेंद्र शास्त्री व सहकाऱ्यांनी मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तींनी उघड्या डोळ्यांनी करावयाची तीच साधी तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. त्या गटात या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत ३१ टक्के घट झाली. उस्मानाबादेत ही तपासणी एकदाच झाली होती. दोन्ही अभ्यासांची परिस्थिती भिन्न असली, तरी साधे साधन नियमितपणे वापरले तर परिणामकारक ठरू शकते, असा बोध त्यांतून घेता येतो.

नैतिक प्रश्न

या अभ्यासाचे मोठेपण मान्य करताना त्याविषयीचा वाद टाळता येत नाही. तपासणीने या रोगाचे मृत्यू कमी होतात, हे पाश्चात्त्य देशांच्या अनुभवावरून ज्ञात असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवणे कितपत योग्य होते, असा आक्षेप नंतरच्या काळात घेतला गेला. भारतात त्या वेळी संघटित तपासणीची व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे प्रचलित सेवा हीच तुलनेची वास्तव बाजू होती, असे समर्थन करण्यात आले. या वादाचा अंतिम निवाडा करणे हे येथील प्रयोजन नाही. तथापि एक बाब स्पष्ट आहे. चौथ्या गटातील ६४ मृत्यू ही केवळ तुलनेसाठी वापरावयाची संख्या नव्हे. त्या याच जिल्ह्यातील गावांतल्या, शेतात राबणाऱ्या, संसार चालविणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांच्याकडून जगाला जे ज्ञान मिळाले, त्याचा लाभ त्यांच्या गावांना मिळणे हे किमान ऋण आहे.

जगाने या ज्ञानाचा स्वीकार केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एचपीव्ही चाचणीला प्राधान्य दिले. १७ नोव्हेंबर २०२० रोजी जाहीर झालेल्या निर्मूलन धोरणानुसार २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ व ४५ व्या वर्षापर्यंत दर्जेदार तपासणी आणि रोग आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार ही उद्दिष्टे ठरली. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने १७ नोव्हेंबर हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या निर्मूलनाचा जागतिक दिन म्हणून मान्य केला. भारतात २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी ३० ते ६५ वर्षे वयोगटासाठी उघड्या डोळ्यांनी करावयाच्या तपासणीचा अवलंब केला. ज्या जिल्ह्याने एचपीव्ही चाचणीची उपयुक्तता सिद्ध केली, त्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

दोन दिनदर्शिका : आरोग्य दिन आणि गळीत हंगाम

आरोग्य दिनांची आणखी एक मर्यादा स्थानिक परिस्थितीतून उद्भवते. बीड व धाराशिव या जिल्ह्यांतून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे स्थलांतर करतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना त्या व्यवहारात एक कोयता म्हटले जाते, दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात.

या हंगामाशेजारी आरोग्य दिनांची यादी ठेवली की विसंगती उघड होते. ७ नोव्हेंबरचा राष्ट्रीय कर्करोग जागृती दिन, १७ नोव्हेंबरचा निर्मूलन दिन आणि ४ फेब्रुवारीचा जागतिक कर्करोग दिन हे कर्करोगाशी संबंधित तिन्ही दिवस गळीत हंगामात येतात. एड्स दिन, कुष्ठरोग निवारण दिन, ८ मार्चचा महिला दिन आणि बहुतेक वर्षी क्षयरोग दिनही याच काळात येतो. ज्या स्त्रीला या माहितीची व तपासणीची सर्वाधिक गरज आहे, ती त्या दिवशी गावात नसते. फडात किंवा कारखान्याच्या आवारातील पालात असते. गावात व्याख्यान होते, छायाचित्र निघते आणि अहवालात उपस्थिती नोंदली जाते. अनुपस्थितांचा रकाना मात्र अहवालात नसतो.

माहिती अर्धवट राहिली तर ती घातकही ठरू शकते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला व शासनाने चौकशी समिती नेमली. कर्करोग होईल या भीतीपोटी अनेकींनी शस्त्रक्रियेस संमती दिल्याचे त्या वेळी समोर आले. रोगाचे नाव पोहोचले, पण तपासणीची सोय पोहोचली नाही, अशा स्थितीत जाणिवेची जागा भीती घेते.

याउलट लोकांच्या पंचांगाशी आरोग्यसेवेची सांगड घालण्याचे काही प्रयत्न उल्लेखनीय आहेत. २६ सप्टेंबर २०२२ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, महाराष्ट्र शासनाने 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' हे अभियान सुरू केले आणि नवरात्राच्या काळात स्त्रियांच्या आरोग्य तपासणीवर भर दिला. २०२३ च्या आषाढीत 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' हा उपक्रम राबविण्यात आला. एकेकाळी साथीच्या भीतीने ज्या वारीकडे पाहिले गेले, तीच वारी आरोग्यसेवा पोहोचविण्याची संधी ठरावी, हे दीड शतकातील परिवर्तन महत्त्वाचे आहे. येडशी परिसराला असे दिवस शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. रामलिंगचे श्रावणी सोमवार, तुळजापूरचे नवरात्र आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा या तिन्ही वेळी परिसरातील स्त्रिया मोठ्या संख्येने एकत्र येतात. पहिल्या दोन पर्वांच्या वेळी कोयते अजून गावात असतात, तर चैत्री पौर्णिमेच्या सुमारास ते परतू लागलेले असतात.

निष्कर्ष

१) आरोग्यासाठी विशिष्ट दिवस राखण्याची प्रथा ग्रामीण समाजात पूर्वीपासून होती. आधुनिक आरोग्य दिनांनी त्यास वैज्ञानिक आशय दिला. परंतु स्थानिक ऋतुचक्राशी असलेला तिचा संबंध तुटला.

२) पोलिओ व नारू यांच्या निर्मूलनावरून असे दिसते की, माहितीबरोबर लस, चाचणी, गाळणे वा हातपंप असे ठोस साधन लोकांच्या हाती आले आणि कृतीची पुनरावृत्ती झाली, तेव्हाच यश मिळाले.

३) बार्शीच्या नोंदणीने जनजागृतीचे सामर्थ्य दाखविले, तर उस्मानाबाद जिल्ह्यातील अभ्यासाने तिची मर्यादा दाखविली. लक्षणे असलेल्यांना जनजागृती उपयोगी पडते. लक्षणे नसलेल्यांसाठी तपासणी अपरिहार्य आहे.

४) राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या अहवालात उस्मानाबाद-बीड क्षेत्रातील कर्करोगाचे वयानुरूप प्रमाण देशातील नोंदणी क्षेत्रांत सर्वांत कमी, म्हणजे दर लाखामागे पुरुषांत ३९.५ व स्त्रियांत ४९.४ होते. या आकड्यांनी निश्चिंत होणे योग्य नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच ओळखल्यास बहुतांशी टाळता येतो. म्हणून प्रमाण कमी असतानाही त्यामुळे होणारा प्रत्येक मृत्यू हा व्यवस्थेचा प्रश्न ठरतो.

५) महाविद्यालयांनी आरोग्य दिन बंद करण्याचे कारण नाही. त्यांचे स्वरूप बदलणे आवश्यक आहे. ४ फेब्रुवारीचे व्याख्यान जरूर व्हावे. पण राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी आधी तयार करावी आणि श्रावण ते दसरा या काळात त्यांतील ३० वर्षांवरील स्त्रियांना तपासणीपर्यंत नेण्यात आरोग्य केंद्राला साहाय्य करावे. अहवालात उपस्थितांच्या संख्येबरोबर तपासणी झालेल्या आणि राहिलेल्या स्त्रियांची संख्या असावी.

६) भारतातील कर्करोग प्रतिबंधाच्या इतिहासात या जिल्ह्यातील स्त्रियांचे योगदान मोठे आहे. ते इतिहास, समाजशास्त्र व गृहविज्ञान या विषयांच्या अध्यापनात आले पाहिजे. त्या स्त्रिया आता पन्नाशी ओलांडून पुढे गेल्या आहेत. काही ऐंशीच्या घरात असतील. त्यांच्या आठवणी नोंदवून ठेवण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांनाच करता येईल आणि ते लवकर हाती घेणे आवश्यक आहे.